द्वादशीचं पान

मेहकरला आमच्या शेजारी एक म्हातारे फौजी राहतात. त्यांचं प्रत्येक बोलणं 'बस'वर संपतं. दर सव्वीस जानेवारीला मी त्यांना आमच्या शाळेत नेतो आणि पोरांसमोर विचारतो, "लढाईत शत्रू किती मारले?" ते बुटांकडे बघत म्हणतात, "एक. बस." पोरं टाळ्या पिटतात.

यंदा पितृपक्षात त्यांनी वडिलांचं पान पंचमीला गच्चीवर कावळ्यांसाठी ठेवलं. द्वादशीला पुन्हा एक ठेवलं.

"हे कोणाचं, काका?"

"माह्या गोळीनं मेला, त्याचं."

"पण तो तर मुसलमान असेल!"

"असंन. मले हेच येते. तो कोणत्या दिवशी गेला, हे त्याच्या घरच्यांले मालूम नसंन, सर. मले मालूम हाये. बस."

मला त्यांच्याकडे बघवेना. शाळेत पहिली टाळी दरवर्षी माझीच असते.