कोटातले आबा

कुठून सांगायला सुरुवात करू तेच कळत नाही. अहो, माणसं परीक्षेत चुकतात, हिशेबात चुकतात, रस्ता चुकतात. मी माझे सख्खे आजोबाच चुकले! तेही त्यांच्याच वर्षश्राद्धाला, शंभरेक माणसांसमोर, जव्हारला भर दुपारी.

आधी आबा कोण ते ऐका. जव्हारला आमचा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा. मोखाड्यापर्यंत कुठल्याही पाड्यावर लग्न असो, आबांचा भोंगा तिथं वाजणारच. अंगात कॉफी रंगाचा कोट, डोळ्यांवर काळा गॉगल. एप्रिलच्या उन्हातसुद्धा! आणि माइक हातात आला की हा माणूस सुटलाच. एका लग्नात नवरदेवाची चप्पल हरवली. आबांनी पुकारलं, "ज्यांनी एक चप्पल नेली त्यांनी कृपया दुसरीही घेऊन जावी. एकीचा कोणालाच उपयोग नाही!" मांडव हसून लोळला. नवरदेव मात्र अनवाणी गेला.

तर अशा माणसाचं वर्षश्राद्ध. बॅनरची जबाबदारी माझ्याकडे. मी नाशिकला असते, शिकलेली नात, मोबाइलमधलं सगळं कळतं म्हणे!

पण फोटो कुठून आणायचा? आबांचा एक फोटो धड असेल तर शपथ. एकात जीभ बाहेर, एकात डोक्यावर टोप, एकात दुसऱ्याच्या डोक्यामागे दोन बोटं. आजीने बजावलं होतं, "हसरे चालतील, माकडचाळे नकोत."

शेवटी काकाने घाईघाईत, नीट न बघताच एक फोटो पाठवला. जव्हारजवळच्या शिरपामाळचा, आबा जायच्या दोन-तीन महिने आधीचा. दोन म्हातारे शेजारी उभे. एक कोट-गॉगलवाले, ताठ, गंभीर, जणू तहसीलदार! मला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा आबा शहाण्यासारखे उभे होते. दुसरा म्हातारा बंडी-टोपीतला, हातात पिशवी, ऊन लागतं म्हणून डोळ्यांवर आडवा हात, तोंडात दात नाही आणि बोळकं उघडून खदखदा हसतोय.

मी बॅनरवाल्याला फोन केला. "कोटवाले ठेवा. बाजूचा म्हातारा काढून टाका."

कार्याच्या दिवशी सकाळी बॅनर लागला, हारही चढला. काका त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

"आबांचं नाक असं होतं?"

"काका, मोठं केलं की थोडं पसरतं."

"आणि कान?"

"कानही पसरतात."

त्याने मान हलवली. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन चार दिवसांपूर्वी झालेलं, तिला सगळं धुरकट. तीसुद्धा म्हणाली, "कोट त्यांचाच आहे ग. पण हे असे परक्यासारखे का बघतायत?" मी म्हटलं, "आजी, गॉगल आहे. तुला कसं कळतंय कसे बघतायत ते?" काय तोऱ्यात बोलले होते मी!

येणारा प्रत्येक जण बॅनरसमोर थबकायचा, मान तिरकी करायचा, मग हात जोडून गुपचूप सतरंजीवर बसायचा. श्राद्धाच्या घरी कोण विचारणार, हे नक्की कोण म्हणून?

तेवढ्यात सूर्यमाळकडची दहा-बारा माणसं जीपमधून उतरली. बॅनर पाहिला आणि पुढच्या बाईने हंबरडाच फोडला. "भिवादादा गेला गं बाय!"

मी धावले. "मावशी, भिवादादा नाही. आबा गेले."

"आबा तं मागल्या सालीच गेलं. आता भिवा बी गेला!"

"अहो, कोण भिवा?"

"ह्यो काय!" तिने थेट माझ्या आबांकडे बोट दाखवलं.

मला वाटलं, बिचारीला ऊन लागलंय. मी पाणी दिलं. पण तोवर तिच्यासोबतच्या एकाने भिवाच्या घरी फोन लावला होता. रेंज तुटत होती. तो ओरडत होता, "हाय का घरात? काय? सकाळपासून नाय?" त्याने फोन खाली केला आणि टोपी काढली. झालं! पाच-सहा बायका रडायला लागल्या. आमच्याकडच्यांना काही कळेना, पण समोर रडारड सुरू झाल्यावर तेही डोळे पुसू लागले. भटजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, श्राद्ध एकाचं आहे की दोघांचं?"



आणि त्याच वेळी रस्त्यावरून एक म्हातारा आला. बंडी, टोपी, काखेत नाचणीची पिशवी. रडणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. म्हातारा सरळ बॅनरपाशी गेला, वाकला, हात जोडले, मान वर केली. आणि तसाच राहिला.

मग वळून त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली.

"मी मेलो, नं मनाच कोनी सांगला नाय?"

काका पुढे झाला. "भिवादादा! या फोटोत तुम्ही आबांच्या कोटात कसे?"

हा भिवादादा म्हणजे आबांचा चाळीस वर्षांचा जोडीदार. झाडावर चढून भोंगे बांधायचा तो, खाली उभं राहून गप्पा मारायचे ते आबा. मी सुट्टीपुरती जव्हारला येणारी, मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

भिवादादा खाली बसले. म्हणाले, "शिरपामाळला शेट बोलला, भिवा, जल्मभर तू माझं ओझं उचललं. आज तू शेट, मी तुझा गडी. कोट मना घातला, गॉगल मना लावला. माझी बंडी-टोपी सोता घातली. कवळी काढून खिशात टाकली. दिसभर माझी पिशवी उचलून मागं मागं फिरला. फिरायला आलेली लोकं बी मनाच शेट बोलत. शेटला बोलली, ए बाबा, जरा सरक!"

आजी हळूच म्हणाली, "तो फोटो दाखव मला. आख्खा."

मी मोबाइलवर फोटो मोठा करून तिच्या डोळ्यांजवळ नेला. तिने पापण्या बारीक केल्या. बोळकं उघडून हसणारा तो म्हातारा तिला दिसला. आणि वर्षभर न हसलेली माझी आजी अशी हसली, अशी हसली, की काका ओरडला, "आई, डोळ्याचे टाके जप!" मग मांडवात कुणालाच आवरेना. भटजीसुद्धा उपरण्यात तोंड लपवून हसत होते.

"आणि हे बॅनरवर का नाहीत ग?" आजीने विचारलं.

"आजी... त्यांना मी कापून टाकलं."

काका बॅनर उतरवायला शिडीवर चढला, तर भिवादादा म्हणाले, "फाडू नका हां. मना द्या. फुडं लागंलच, नाव तेवढं बदला." आणि खरंच गुंडाळी करून काखेत मारली.

जेवणं झाली. पंगतीत जो येईल तो मला विचारत होता, "ताई, आम्हाला ओळखलंत ना?" मी मान खाली घालून वाढत होते. शेवटी आजीने काकाला जवळ बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझा फोटो मी आजच काढून ठेवते. हिच्यावर सोडलं, तर मी जाईन आणि ही शेजारणीला हार घालेल."