चहात बुडवलेला परवाना

हे नवऱ्याला माहीत नाही, माझ्या लेकीला, सईला तर नाहीच. नाशिकच्या बहिणीला मी फोनवर सगळं सांगते, अगदी भाजीत मीठ जास्त पडलं तेसुद्धा — पण हे नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही निर्मलाला ओळखत नाही, म्हणून जमेल कदाचित.

निर्मला आमच्या दोहाच्या घरी, अल दुहैलला, कामाला होती. श्रीलंकेची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमची सई तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. माझं डोकं दुखतंय हे मला कळायच्या आत तिला कळायचं, आणि आल्याचा चहा पुढे यायचा. जीव होता माझा तिच्यावर. हे खोटं नाही — आणि पुढचंही खोटं नाही.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. तिच्या मुलीचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण. आई नको का जवळ? माझ्या वेळी माझी आई दोन महिने आधीच पिशव्या भरून बसली होती. कतारमधून बाहेर पडायला निर्मलाला स्पॉन्सरच्या, म्हणजे जो व्हिसा काढून कामावर ठेवतो त्याच्या, सहीचा परवाना लागायचा, आणि स्पॉन्सर माझा नवरा. त्याने अर्जावर लगेच सही केली. "उद्या ऑफिसच्या ड्रायव्हरकडे दे," म्हणाला.

मी दिला नाही.

का? सासूबाई यायच्या होत्या. माझी नोकरी होती. सईची वक्तृत्व स्पर्धा होती. आणि खरं सांगू? ही गेली की परत यायची नाही, अशी भीती होती. नवऱ्याला म्हटलं, तिला पुढच्या महिन्यात जायचंय. तिला म्हटलं, कागद सरकारात अडकलाय. दोन्हीकडे थाप — चेहऱ्यावरची रेषही हलली नाही माझ्या!

सईचा विषय होता अमेरिकेतली गुलामी. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून नेलेली माणसं, आईपासून तोडून विकलेली पोरं — नववीतली माझी मुलगी वाचता वाचता रडली. मळ्याबाहेर पाऊल टाकायला गुलामाला मालकाची चिठ्ठी लागायची, हे मला तिनेच सांगितलं. तिच्या भाषणात एक स्वयंपाकीण होती, दुसऱ्या मळ्यावर विकलेल्या लेकीला भेटायला निघालेली. तिची चिठ्ठी स्टेजवर दाखवायची होती. अक्षर माझं चांगलं, म्हणून इंग्रजीत मीच लिहिली — माझ्या स्वयंपाकिणीला लेकीकडे जाऊ द्यावे. कागद जुना दिसावा म्हणून निर्मलाने कोरा चहा उकळला, कागद त्यात बुडवला आणि ओट्यावर अलगद वाळत ठेवला.

"छुट्टी का कागज है, मॅडम?" तिने विचारलं. सई हसून हो म्हणाली.

"मेरा कब आएगा?"

तिचा अर्ज त्याच ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये होता. हात खाली नेला असता तर —

"इन्शाल्ला, अगले हफ्ते," मी म्हटलं.

त्या माणसांना साखळदंडांत नेलं होतं, निर्मला स्वतःच्या पायांनी आली होती. हा फरक मला कळतो. पण तो मी स्वतःला इतक्यांदा का ऐकवत आले? आमची स्वयंपाकीण म्हणजे घरातलीच, असं त्या मळ्यांवरच्या मालकिणीही म्हणायच्या. सईच्या भाषणात हे वाक्य होतं. मीच ते तिला नीट घासूनपुसून दिलं होतं.

सईचा पहिला नंबर आला. दुसऱ्या दिवशी मी अर्ज ड्रायव्हरकडे दिला. निर्मला घरी पोचली तेव्हा नात अठरा दिवसांची झाली होती.

दीड महिन्याने ती परत आली, माझ्यासाठी नारळाची मिठाई घेऊन. सासूबाईंना म्हणाली, "मॅडम ने मेरे कागज के लिए बहुत भागदौड किया." मी म्हटलं, "अरे, उसमें क्या!"

पुढे सात वर्षं ती आमच्याकडे होती. रोज संध्याकाळी आम्ही दोघी एकत्र चहा प्यायचो, म्हणजे सांगायला वेळ नव्हता असंही नाही. तिची लेक कळा सोसत होती तेव्हा निर्मला माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, आणि ती तिथे होती ती माझ्यामुळे.