मंग बघू

राहुरीला आमच्या शेजारच्या काकू हसताना तोंडाला पदर लावतात. लोकांना ती लाज वाटते. पण पदराआड चार-दोनच दात उरलेत. काका त्यांच्याहून बरेच थोरले, तरी अजून ओट्यावर बसून दातांनी ऊस सोलतात. काकू शेजारी ताकात भाकरी भिजायची वाट बघत बसतात. "लहानपनी भावाच्या आदी माझं कांडं सोलून व्हायचं," एकदा म्हणाल्या. "मंग लेकरं झाली. प्रत्येक लेकरू दोन-चार दात घिऊन गेलं."

यंदा त्यांच्या गरोदर सुनेची दाढ ठणकू लागली. काका म्हणाले, "बाळंतपन होऊ दे, मंग बघू." काकूंनी सुनेला आणि मला रिक्षात बसवलं आणि थेट दातांचा दवाखाना गाठला. दाढ वाचली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काकू, तुमचेही दात बघू का?"

"आता काय बघता? मला बी समदे 'मंग बघू'च म्हनले हुते."

परवा सून ओट्यावर ऊस सोलत होती. कडाकड आवाज येत होता. काकूंची भाकरी कधीच भिजली होती. त्या नुसत्या ऐकत बसल्या होत्या.