रिकाम्या टाकीतल्या सावल्या

आधीच सांगते, मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. माहेर धुळ्याचं, सासर फैजपूरचं, आणि राहतो जळगावला. दोन्हीकडे उतारे, नजर, अंगात येणं, सगळं पाहिलंय आणि सगळ्याला हसलेय. इथले अनुभव वाचतानासुद्धा मी मनात कारणं शोधत बसते. आता माझ्या अनुभवाचं कारण तुम्ही शोधा... मी शोधून दमले.

सासऱ्यांना, म्हणजे आबांना, पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा ते फैजपूरला केळीच्या बागेत होते. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, "वाचा येईलही, नाहीही." आम्ही त्यांना जळगावला आणलं. गावभर ज्यांचा आवाज घुमायचा तो माणूस हॉलच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. हळूहळू जेवणही सुटत चाललं. घास पुढे केला की मान फिरवायचे. प्रशांत, माझा नवरा, बाहेर जाऊन डोळे पुसून यायचा.

त्यांना काहीतरी विरंगुळा हवा म्हणून त्यानं माशांची टाकी आणली. ठेवायला जागा एकच, पश्चिमेच्या खिडकीपाशी. मी म्हटलं, मासे लगेच नाही आणायचे. नव्या टाकीत माशांच्याच घाणीतून अमोनिया तयार होतो आणि त्यानेच ते मरतात. तो अमोनिया खाणारे जिवाणू आधी फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढावे लागतात. मग त्यांना वाढवायचं तर खाऊ घालायला हवं ना... म्हणून मासे नसलेल्या टाकीत मी रोज ड्रॉपरने अमोनियाचे थेंब सोडायचे आणि किटने पाणी तपासायचे. आबांसमोर तरी एकही मासा मरायला नको होता.

माझ्या आईनं, अक्कानं, धुळ्याहून फोनवर विचारलं, "मासाच नहीत, मंग नुसतं पानी कसाले पाळी राहिनी तू?"

टाकीत खरंच काही नव्हतं. वाळू, हीटर, फिल्टर. झाडं नाहीत, शोभेचा दगडसुद्धा नाही.

थंडीचे दिवस होते. दुपार कलली की ऊन खिडकीतून टाकीत शिरायचं आणि पाण्याची जाळी समोरच्या भिंतीवर हलत राहायची. आबा तिकडेच बघायचे. एका दुपारी मी त्यांना पेज भरवायला बसले आणि माझ्या लक्षात आलं, त्यांची नजर स्थिर नाहीये. डावीकडून उजवीकडे जातेय, थांबतेय, वळतेय...

मी त्यांच्या खुर्चीशेजारी वाकून भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवरच्या उजेडात मासे पोहत होते.

सावल्या. लांबट, बोटाएवढ्या. शेपट्या हलताना स्पष्ट दिसत होत्या. एकत्र वळायच्या, पांगायच्या, पुन्हा जमायच्या. मी टाकीकडे पाहिलं. पाणी नितळ, रिकामं. परत भिंतीकडे पाहिलं... मासे!

भीती वाटली नाही. उठून आधी पंखा बघितला. बंद होता. खिडकीचा पडदा पूर्ण सरकवला, बाहेर डोकावले. झाड नाही, तार नाही, वाळत घातलेले कपडे नाहीत. मग काय सुचलं कोण जाणे, मी बाही वर करून हात पाण्यात घातला.

भिंतीवर माझ्या हाताची सावली उतरली. आणि सगळ्या सावल्या झटकन पांगल्या... कोपऱ्यात जाऊन थरथरत एकमेकींना चिकटून राहिल्या.

"हात... काढ माय. बुजल्या त्या."

मी वळले. आबा बोलले होते. शब्द जड होते, तोंडाच्या एका कडेनं आलेले, पण शब्द होते! मी हात काढला. सावल्या हळूहळू कोपऱ्यातून बाहेर आल्या, आणि आबा हसले. तो आवाज ऐकून प्रशांत आतून धावत आला. त्यानंही भिंत पाहिली. पेज गार झाली होती. आबांनी स्वतः डाव्या हातानं वाटी ओढली आणि तशीच संपवली.

त्यानंतर ऊन असेल त्या दुपारी सावल्या यायच्या. टॉर्च मारून बघितला तर काही नाही, फक्त उन्हात. मोबाइलच्या व्हिडिओत नुसता हलता उजेड. आणि आबा रोज थोडं जास्त बोलू लागले.

टाकी तयार झाली. अमोनिया टाकला तरी दुसऱ्या दिवशी पाणी तपासलं की रंग स्वच्छ पिवळा, म्हणजे शून्य. त्यातून तयार होणारं विषारी नायट्राइटही नाही. आता मासे सोडता आले असते, पण माझा धीर होईना. सावल्या गेल्या आणि आबांचं बोलणंही गेलं तर? मी नुसते थेंब टाकत राहिले.

शेवटी आबाच म्हणाले, "आन आता खरे मासे. ह्या का जन्मभर राहतीन?"

मासे सोडण्याआधी बरंचसं पाणी बदलावं लागतं. मी नळीनं पाणी काढत होते आणि भिंतीवर उजेडाचा पट्टा खाली खाली सरकत होता. सावल्याही त्याच्याबरोबर खाली उतरत होत्या, घाई न करता. नवं पाणी भरलं. जाळी पुन्हा भिंतीवर आली... एकटीच.

मी आबांकडे बघायचं टाळत होते. मग मागून ऐकू आलं, "च्या टाक ना माय." मी ओट्यापाशी जाऊन रडले.

आता टाकीत खरे मासे आहेत, एकही मेला नाही. त्यांच्या सावल्याही भिंतीवर पडतात, पण पुसट, नुसते डाग. तशा रेखीव पुन्हा दिसल्या नाहीत. आमच्या फिजिक्सच्या सरांनी वक्रीभवन, परावर्तन, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. माझ्या हाताला सावल्या का बुजल्या, ते मात्र त्यांनाही मांडता आलं नाही.

परवा न राहवून आबांनाच विचारलं, "आबा, त्या होत्या तरी काय?"

आबा शेंगा सोलत होते. वर न बघता म्हणाले, "मले का इचारते? रोज जेवाले तर तूच घाले त्यायले."