भरपाईचा तास

लेकीला शाळेतून काढलं तेव्हा लोकांना वाटलं, आमच्या डोक्यात कसलं तरी नवीन खूळ शिरलंय. जुळे सोलापुरातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या एक बाई जिन्यात म्हणाल्या, परदेशात असतंय म्हणे असलं, घरीच शिकवायचं. मी म्हटलं, हो की, आम्हीही परदेशातच राहतो, फक्त नळाला पाणी चार दिवसांआड येतंय. त्यानंतर त्या बाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. बरंच झालं, तेवढा एक प्रश्न कमी.

खरं कारण सांगायला जीभ उचलत नव्हती. नववीत असताना सकाळच्या प्रार्थनेत तिला फिट आली. सगळी शाळा रांगेत उभी आणि ही मधोमध खाली पडलेली. कुणीतरी चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. आपल्याकडं अजून लावतात, शिकलेली माणसंसुद्धा. तिला त्या फिटचं काही म्हणजे काही आठवत नाही. शुद्धीवर आली तेव्हा नाकाशी कुणाची तरी चप्पल होती आणि भोवती पोरापोरींचं कडं होतं, तेवढं आठवतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं दप्तराला हात लावला नाही. शाळेचं म्हणणं असं, की बरं वाटेपर्यंत घरी ठेवा, पाठवणार असाल तर तुमच्या जबाबदारीवर पाठवा. माझं टाळकंच सरकलं. आजपर्यंत काय तुमच्या जबाबदारीवर वाढली का, असं मी तिथल्या तिथं विचारून आले. त्यानं काही साधलं नाही, पण विचारून आले.

नववीचे पेपर तिनं वेगळ्या खोलीत बसून दिले आणि दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून द्यायची, असं ठरलं.

मेंदूच्या डॉक्टर बाईंनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं. घरात काय होतं ते मला इथं बसून दिसत नाही, तुम्ही सांगाल त्यावर मी गोळी ठरवणार. मोठी फिट तर सांगाच, पण नुसतं क्षणभर टक लावून बसली, हातातलं पेन सुटलं, हात झटका देऊन उडाला, तेही सांगा. गोळी कमी पडली तर फिट कुठं येईल, रस्त्यात, गॅसजवळ, जिन्यात, ते कुणाच्या हातात नाही. आम्ही दोघांनी माना हलवल्या. आमच्या घरात दहावीपेक्षा मोठी गोष्ट ही होती, हे तेव्हाही कळत होतं. पण दहावीचा गाजावाजाच असा असतो की बाकीचं ऐकूच येत नाही.

मी पतसंस्थेतली नोकरी सोडली. माझं बी.ए. मराठी, म्हणजे मराठी, हिंदी आणि इतिहास माझ्याकडं. तिच्या पप्पांनी कापडाचा डिप्लोमा केलाय, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ते पाळीवर देखरेख करतात. गणित आणि विज्ञान त्यांच्याकडं. इंग्रजी देवाच्या भरवशावर.

मग सुरू झाला शिकवायच्या साधनांचा बाजार. आधी एक टाय लावलेला माणूस टॅबलेट घेऊन आला आणि आमच्याच सोफ्यावर बसून आम्हालाच पालकांचं कर्तव्य समजावून सांगू लागला. त्या टॅबलेटवर उत्तर बरोबर आलं की सगळा पडदा झगमगायचा, फटाके फुटायचे. काहींना लखलखाटानं फिट येते, असं डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं. मी त्या माणसाला म्हटलं, फटाके बंद करता येतात का? तो म्हणाला, मॅडम, मुलांना तेच तर आवडतं. चहासुद्धा न विचारता त्याला वाटेला लावलं. मोबाईलवरचे फुकटचे व्हिडिओ बघितले तर त्यातले सर असे घाईत बोलत, जणू त्यांची एसटी सुटत होती. शेवटी शाळेचीच पुस्तकं घेतली, वर दोन गाईडं आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा. जे शाळेत होतं तेच घरात आणून ठेवलं, असं लेक म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

पुस्तकं झाली, तर वेळापत्रकाचं घोडं अडलं. मी इंटरनेटवरून एक छापील नियोजन-वही उतरवून घेतली, कडेनं फुलं काढलेली. त्यात रोज पाणी किती प्यायलं त्याची खूण करायची, आणि खाली एक चौकट, आज तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात? लेकीनं पहिल्या दिवशी लिहिलं, लाईट गेली नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलं, लाईट गेली पण आली. तिसऱ्या दिवशी मीच ती वही रद्दीत टाकली, पण त्या दोन दिवसांत आम्ही दोघी पोटभर हसलो, एवढं मात्र त्या वहीचं देणं. मग मोबाईलमध्ये एक अॅप घेतलं. ते तासाला घंटा वाजवायचं. घंटा वाजली की पोरीचे खांदे वर जायचे, शाळेची आठवण होऊन. तेही काढून टाकलं.

तेव्हा तिचे पप्पा म्हणाले, हे असलं बायकी काम न्हाय, प्लॅनिंग म्हणजे काय ते मी दाखवतो. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर मागं बांधून पांढरा बोर्ड घेऊन आले. कारखान्यात प्रत्येक मागाचं रोजचं काम असल्याच बोर्डावर लिहितात. ठरलेलं किती, झालेलं किती, माग बंद राहिला तर किती वेळ आणि का. सूत तुटलं, वीज गेली, कारागीर आला नाही, जे असेल ते. आणि शेवटचा रकाना भरपाईचा. वीज जाऊन वाया गेलेले तास सुट्टीच्या दिवशी जादा पाळी लावून भरून काढायचे, ही त्यांच्याकडची पद्धत. त्यांच्या मालकांना ती आवडते, ह्यांना तर ती अंगवळणीच पडलेली. मागाच्या जागी विषय आले, बाकी सगळं तसंच राहिलं.

मला तेव्हा ते पटलं होतं. घराला एक रीत आली. बोर्ड हॉलमध्ये टीव्हीच्या जागी लागला. गोळीमुळं लेकीला सकाळी झोप अनावर व्हायची, बीजगणिताचं पान उघडून मान टाकायची. मग बोर्डावर तिनंच लिहायचं, गणित, एक तास बंद, झोप. लहानशी फिट आली, मग डोकं दुखतं म्हणून आडवी झाली, तर, विज्ञान, दीड तास बंद, फिट. आणि पप्पांच्या साप्ताहिक सुट्टीला सगळ्याची भरपाई. सकाळपासून जेवणापर्यंत, परत चहानंतर. ते ओरडायचे नाहीत हां, अजिबात नाही. शांतपणे शेजारी बसून शिकवायचे, पोरीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून आपली आठवड्याची एकुलती सुट्टी घालवायचे. त्यांच्याकडं बघून मला भरून यायचं. लेकीला काय यायचं ते कुणी विचारलं नाही.

पावसाळा निम्मा सरला आणि आक्रीत घडलं. बोर्डावरचा 'बंद'चा रकाना रिकामा राहायला लागला. झोप नाही, फिट नाही. सकाळी डोळे जड असायचे, पण मान टाकायची नाही. कधीतरी पेला हातातून निसटायचा, ती म्हणायची, ओला होता. कधी हाक मारली तर ओ द्यायची नाही, मग म्हणायची, विचार करत होते. आम्ही म्हटलं, औषध लागू पडलं. पप्पा कामावरून आले की बूट काढायच्या आधी बोर्ड बघायचे आणि तोंड असं खुलायचं की काय सांगू. डॉक्टर बाईंकडं गेलो तेव्हा पप्पांनी बोर्डाचा फोटोच दाखवला. दोन महिने एकही नाही. लेक शेजारी बसून खिडकीतून बाहेर बघत होती. बाईंनी तिलाही विचारलं, ती म्हणाली, नाही आली. मग बाई म्हणाल्या, झोप फार येते म्हणता, तर सकाळची गोळी थोडी कमी करून बघू.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मी गच्चीवर गाद्या उन्हात टाकायला गेले होते. लेकीनं स्वतःसाठी चहा ठेवला होता. खाली आले तर ती ओट्यापाशी पडलेली, पातेलं अंगावर, आणि उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजलेला. गॅस तसाच चालू. मी काय केलं ते मला नीट सांगता येत नाही. गॅस बंद केला, तिला कुशीवर वळवलं, एवढं केलं. मग ओरडत शेजाऱ्यांकडं धावले. जिन्यात न बोलणाऱ्या त्या बाईंनीच रिक्षा आणली.

दवाखान्यात हाताला पट्टी बांधून झाल्यावर डॉक्टर बाई आल्या. त्यांनी विचारलं, मधल्या काळात खरंच काही झालं नव्हतं? पप्पांनी खिशातून मोबाईल काढला, बोर्डाचा फोटो शोधायला. तेवढ्यात लेक म्हणाली,

"बोर्डावर नाहीत त्या. मी लिहायचे नाही."

बाईंनी विचारलं, का गं?

"लिहिलं की भरपाई पडते."

बाईंना ते कळलं नाही. भरपाई म्हणजे काय, असं त्यांनी आमच्याकडं बघून विचारलं. पप्पा सांगायला लागले, कारखान्यात कसं असतं की वीज गेली तर. तिथंच थांबले.  मी सांगितलं मग, दोन वाक्यांत. बाईंनी काही ऐकवलं नाही आम्हाला. त्यांनी ऐकवलं असतं तर सोपं गेलं असतं. त्यांनी गोळ्या पुन्हा वाढवल्या आणि लेकीला म्हणाल्या, तू मला खरं सांगत जा, बाकी कुणाचं बघू नकोस. लेकीनं हो म्हटलं, जसं मागच्या भेटीत नाही आली म्हटलं होतं, अगदी तसंच.

पप्पांनी बोर्ड उतरवला आणि परत कारखान्यात नेऊन टाकला. दहावीचं या वर्षी नाहीच, हेही ठरलं. फॉर्म भरला नाही. ज्या वर्षासाठी एवढा आटापिटा केला ते वर्ष गेलं ते गेलंच. माझी त्याबद्दल तक्रार नाही, असं मी सगळ्यांना सांगते. आहे, तक्रार आहे. रात्रंदिवस आहे. फक्त ती कुणाकडं करायची, ते कळत नाही. नवऱ्याकडं करावी तर तो माणूस महिनाभर घासभर जेवला असेल-नसेल. हाताची पट्टी बदलताना तिकडं बघायचा नाही, बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहायचा.

आता आमच्याकडं वेळापत्रक नाही. दोन पुस्तकं टेबलावर असतात, वाटलं तर लेक उघडते. बाकी मी काहीच ठरवत नाही. ठरवलं नाही तरी दिवस जातोच की. मला पोरीकडून एकच गोष्ट हवी आहे, तिला काय होतंय ते तिनं सांगावं. ती म्हणते, बरी आहे. पूर्वी हे ऐकून मी भाकरी थापायला लागायचे. आता ती बरी आहे म्हणाली की मी तिच्या डोळ्यांकडं बघत बसते, आणि मी बघतेय हे तिला दिसतं. आमच्या मायलेकींमध्ये हे कधी नव्हतं. फार वाईट वाटतं मला, फार.

मागच्या आठवड्यात पप्पांची सुट्टी होती. ते हॉलमध्ये अक्कलकोटच्या लहानपणीच्या मित्राशी फोनवर कानडीत बोलत होते. मला कानडी धड येत नाही, पण ते हसत होते, पोट धरून, मधेच मांडीवर थाप मारून. किती दिवसांनी घरात तो आवाज ऐकला. मी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते. लेक आली, माझ्याजवळ खाली बसली आणि हळूच म्हणाली,

"आई, आत्ता एक झाली. लहानशी. पुस्तक हातातून पडलं."

स्वतःहून सांगितलं होतं तिनं. पहिल्यांदा. मला तिला पोटाशी धरावंसं वाटलं, पण उगाच तमाशा नको म्हणून नुसतं पाठीवर हात ठेवला. पाणी देऊ का विचारलं. नको म्हणाली. मी म्हटलं, चल, पप्पांना सांगू, मग डॉक्टर बाईंना फोन करू.

तिनं माझं मनगट धरलं.

"आज नको. लई दिवसांनी हसलेत गं ते."

काय करायला हवं होतं? सांगा की कुणीतरी. गप्प बसले असते तर लपवायला मीच शिकवलं असं झालं असतं. फोन ठेवेपर्यंत मी थांबले, मग बाहेर जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी भरपाईचं नाव काढलं नाही. कधी, किती वेळ, एवढंच मऊ आवाजात विचारलं आणि डॉक्टर बाईंचा नंबर लावायला लागले. पण तोंडावरचं हसू गेलं ते गेलंच.

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं बघत होती. मी तिच्याकडं वळले तर ती माझ्यावर चिडलेली नव्हती, रडतही नव्हती. मोठ्या बाईसारखी मान हलवून ती आत गेली आणि माझ्या राहिलेल्या शेंगा सोलत बसली. त्यानंतर आठवडा झाला. मी रोज विचारते. बरी आहे, म्हणते.