पट्टा कोणी कापला?

आधीच सांगतो, मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. आम्ही बौद्ध. गंडा-दोरा, देवऋषी, अंगात येणं हे सगळं माझ्या वडलांनीच घरातून बंद केलं, आणि मी सत्तरी ओलांडली तरी परत आत येऊ दिलेलं नाही. चौथी शिकलोय, पण डोळ्यांनी बघितलेलं कळतं. हे डोळ्यांनी बघितलं, म्हणूनच डोकं उठलंय.

जामखेडच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी आमची सात घरांची वस्ती. माझं घर सगळ्यात वर, डोंगराला लागून. दगड मी फोडले, भिंती मी रचल्या. दर वर्षी माघात सगळी वस्ती मिळून घरांभोवतीचं गवत विळ्यानं कापते... चार हात रुंद पट्टा, खाली नुसती माती दिसेपर्यंत. वणवा आला की तिथं अडतो. ह्या वर्षी शेजारच्या दगडूनं मला न विचारता दिवस ठरवला. मी सांगितलं, माझ्या घराभोवती कुणी विळा लावायचा नाही, माझं मी बघून घेईन. आणि बघितलं नाही. एक तर गुडघा धरला होता. दुसरं म्हणजे बोललो ते बोललो.

चैत्रात भर दुपारी वणवा लागला. फॉरेस्टच्या गार्ड मॅडम जीप घेऊन आल्या, म्हणाल्या दहा मिनिटांत निघा. मी कुलूप लावत होतो तेव्हा त्यांनी मोबाईलवर घराचा फोटो काढला, रिपोर्टला लागतो म्हणे. गाय पुढं घालून आम्ही गावातल्या शाळेत गेलो.

दोन दिवस तिथं पोरांच्या बाकड्यांवर. फॉरेस्टवाले म्हणायचे आज सोडतो, उद्या सोडतो... विचारलं की "वरून आदेश नाही." तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, जा. सगळे सतरंज्या झटकायला लागले. आणि बाया एकेक करून माझ्या बायकोकडे, कमलकडे यायला लागल्या. कुणी पातेलं दिलं, कुणी दोन ताटं, कुणी गोधडी. मग माझ्या ध्यानात आलं. ह्यांनी माझं घर जळालं असं धरूनच टाकलं होतं!

"हे कशाला?" मी विचारलं.

"राहू द्या तात्या, लागंल," दगडूची बायको म्हणाली.

"माझ्या घरात भांडी हायत."

कमल मान वर न करता म्हणाली, "हुती म्हना."

"तू त्यांच्या बाजूची व्हय गं?"

"मी गवताच्या बाजूची न्हाई, येवढं खरं. माघात विळा घ्या, विळा घ्या म्हनून घसा कोरडा पडला माझा."

मी पातेलं परत केलं. तिनं माझ्या पाठीमागं ते पुन्हा पिशवीत घातलं.

वस्तीवर पोचलो. डोंगर वरपासून खालपर्यंत काळा. आणि माझं घर उभं!

घराला चहूबाजूंनी चार हात पट्टा. कापलेला, वरून झाडलेला. पट्ट्याच्या बाहेर सगळी राख, आत अंगणातल्या कडब्याला धगसुद्धा नाही. आणि भिंतीला टेकवून गवताच्या पेंढ्या, नीट बांधून रचलेल्या. चार माणसांचं दोन दिवसांचं काम.

माझं डोकं फिरलं. "दगड्या! माझ्या जागेत विळा कुनी लावला?"

"तात्या, मी शाळंत तुमच्या शेजारीच हुतो की. रातभर घोरून झोपू दिलं न्हाई तुमी मला. अन् तुमच्यासाठी वणव्यात शिराया मला काय खूळ लागलंय?"

गार्ड मॅडमनं मोबाईल काढला. फोटोत गवत कमरेएवढं, भिंतीपर्यंत. "बाबा, आमची माणसं पलीकडच्या अंगाला होती. तुम्ही निघाल्यावर तासाभरात आग इथं आलीय."

"मग गवतानं सोताला कापून घेतलं का?"

त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पुन्हा बघितला. कुलूप जसंच्या तसं. आत माझा विळा खुंटीला, वर गंज तसाच.

तो फोटो बाजूला ठेवून रिपोर्टात त्यांनी लिहिलं, पट्टा असल्यामुळे घर वाचले. झालं! गावभर बोभाटा, तात्यानं गुपचूप कापून ठेवला होता, लई पोचलेला माणूस. मी ज्याला-त्याला सांगत फिरलो, मी नाही कापला. फुकटचं नाव मला नको. लोक हसतात, म्हणतात तात्याचा मोठेपणा. आजूबाजूच्या वस्त्या पालथ्या घातल्या, मेंढरंवाल्यांना विचारलं, ऊसतोडीहून परतलेल्या टोळ्यांना विचारलं. कुणी हो म्हणत नाही.

त्या पेंढ्यांना मी गाईला तोंड लावू देत नव्हतो. चौथ्या दिवशी कमलनं एका पेंढीचा बंध सोडून ती गाईपुढं टाकली. गाईनं काही विचारलं नाही. मी मात्र अजून विचारतोय.

हे घर माझ्या हातचं, असं मी जन्मभर छातीवर हात मारून सांगत आलो. आता ते वाक्य अर्ध्यातच अडकतं. कारण अजून सापडलेलं नाही, आणि भूतबीत मी मानणार नाही, ते कुणी मला लिहून कळवू नका. वाचणाऱ्यांत तो माणूस असेल तर त्यानं यावं, मी नको म्हटलेलं असताना का कापलं तेवढं सांगावं. मी भांडणार नाही. कमल हसतेय, पण खरंच नाही भांडणार.