जित्या काकूचं सुतक

आमच्या घरच्या माणसाने एका जित्या बाईला फोनवर मारलं आणि मी शेजारी बसून मान हलवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी नवऱ्याला नावं ठेवायला लागले की मला कोणी साळसूद समजू नये.

नवऱ्याचं नाव गजेंद्र. तोंडावर मी त्याला अहो म्हणते. लिहिताना म्हणणार नाही, तेवढा राग मला परवडतो. अमरावतीत देवळाच्या रस्त्यावर आमची फुलांची टपरी आहे. हार, गजरे, लग्नाच्या गाडीची सजावट. माणूस कामाला वाघ. पहाटे मार्केटमधून झेंडू आणून उजाडायच्या आत पन्नास हार गुंफून मोकळा होतो. पण चार माणसांत बसला की त्याची जीभ खिशाला विचारत नाही. बारसं असो, वास्तू असो, हा पहिल्या रांगेत, आणि आहेराचा आकडा लिहिणाऱ्यालाच नाही तर पंगतीतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावा असा सांगणार. धाकट्या दिराच्या लग्नात बँड, घोडा आणि जेवण याने एकट्याने अंगावर घेतलं आणि फायनान्सवाल्याकडून दोन लाख काढले. दीर बायकोला घेऊन पुण्याला गेला. किस्त आमच्याकडे राहिली.

महिन्याला दहा हजाराला थोडी कमी. दोनदा चुकली तेव्हा फायनान्सचा माणूस टपरीसमोर येऊन उभा राहिला. ओरडला नाही, शिवी दिली नाही, नुसता उभा. गिऱ्हाईक हाराचा भाव विचारायचं आणि त्याच्याकडे बघायचं. त्या दिवशी आम्ही ठरवलं, कर्ज फिटेपर्यंत कोणाकडेही एकशे एकच्या वर आहेर करायचा नाही. गजेंद्रने देवीची शपथ घेतली. शपथ दीड महिना टिकली.

माझी थोरली बहीण वच्छला अकोल्याला दिलेली. तिचे यजमान शेषरावभाऊजी तिथे भाजीचे ठोक व्यापारी. सरळ माणूस, कोणाकडे सुखदुःख असलं की सगळ्यांच्या आधी दारात. त्यांच्या मुलीचं, आकांक्षाचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. जेवणं झाल्यावर आंदणाच्या गोष्टी निघाल्या. मामाने फ्रिज सांगितला, आत्याने कुलर. मी ताटात बघत बसले, कारण मला माहीत होतं काय होणार. गजेंद्र उभाच राहिला.

"अलमारी आमच्याकून. मोठी, आरशाची!"

वच्छलाताईच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, त्या क्षणी माझीही छाती फुगली. चार बायकांनी माझ्याकडे वळून पाहिलं ते मला आवडलं. परतीच्या गाडीत मात्र मी मूर्तिजापूर जाईपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

अलमारीचे अठरा हजार पडत होते. लग्नाच्या महिन्यात आमच्याकडे किस्त आणि वर अकराशे रुपये होते. पुन्हा कर्ज काढायला मी साफ नाही म्हटलं. मग एकच गोष्ट उरली होती, बहिणीला फोन करून सांगायचं की ताई, आत्ता आमचं जमत नाही. एवढं एक वाक्य. मी तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवला.

लग्नाला आठ दिवस राहिले आणि भाऊजींचाच फोन आला.

"गजेंद्रभाऊ, अलमारी कवा येऊन राह्यली? टेम्पोवाल्याले सांगून ठेवाचं होतं."

गजेंद्रने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. मग तो म्हणाला, "भाऊ, लय वाईट झालं. आमाले सुतक पडलं."

सुतक म्हणजे सगळ्यातून सुटका. भाऊबंदकीत कोणी गेलं की दहा दिवस त्या घरचं माणूस मांडवात जात नाही आणि त्या घरची वस्तूही जात नाही. लग्न टळलं, अलमारीही टळली. कोणी वाईट वाटून घेणार नाही, उलट चार शब्द मायेचे मिळतील. एवढं डोकं त्याने कधी धंद्यात लावलं असतं तर!

"अरे देवा," भाऊजी म्हणाले. "कोन गेलं?"

हे त्याने ठरवलंच नव्हतं. त्याचे आईवडील कधीच गेलेले. घरात मोठं माणूस एकच उरलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मनकर्णाकाकू," तो म्हणाला. आणि मी मान हलवली.

ही काकू नांदगाव खंडेश्वरच्या पुढे एका खेड्यात एकटी राहायची. गजेंद्रची आई तो सहा वर्षांचा असताना गेली. काकू विधवा, पोटी मूल नाही. तिने त्याला दहावीपर्यंत सांभाळलं. बाजाराच्या दिवशी डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन जायची आणि येताना याच्यासाठी भजे आणायची. आमच्या लग्नात, विधवा बाई पुढे कशाला म्हणून ती स्वयंपाकाच्या बाजूलाच बसून राहिली. माझ्या माहेरच्या एकाही माणसाने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि तेच आम्हाला सोयीचं पडलं, हे लिहितानाही मला कसंतरी होतं.

माझी एक चुलतबहीण आमच्याच गल्लीत राहते. अकोल्याहून तिला कळलं आणि तिच्याकडून सगळ्या रस्त्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी रोजचं गिऱ्हाईक टपरीपासून चार हात लांब उभं राहिलं. "दहा दिवस राहू द्या, गजेंद्रभाऊ. देवाचं आहे." सुतकाच्या घरची फुलं देवाला कोण वाहणार? ऐन लग्नसराईत आम्हाला टपरी बंद करावी लागली. शेजारच्या टपरीवाल्याने विचारलं, "डोकं नाई केलं का भाऊ? काकूले तुमच्याबिगर कोन होतं?" तेव्हा हा न्हाव्याकडे जाऊन डोकं भादरून आला. मी हसले नाही. मला हसूच येईना.

बंद टपरीत किस्तीचे पैसे घरखर्चात गेले आणि पाच तारखेला फायनान्सचा माणूस घरी आला. याचं डोकं बघून त्याने पायातल्या चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाला, "राहू द्या, पुढच्या महिन्यात दोन्ही भरा. मी साहेबांशी बोलतो." मी त्याला पाणी दिलं. तो माणूस आमच्यापेक्षा चांगला निघाला.

आकांक्षाच्या लग्नाच्या दिवशी मी घरात जुनं लुगडं नेसून बसले. ताईने व्हिडिओ कॉल करून मांडव दाखवला, हिरव्या चुड्यातली आकांक्षा दाखवली. "तू असती तं..." म्हणाली आणि मी हुंदके देऊन रडले. तिला वाटलं, मी काकूसाठी रडतेय.

सुतक संपलं, टपरी उघडली. भाऊजींना गजेंद्रने सांगितलं होतं की तेरवी गावीच, अगदी घरच्या घरी करतो, तुम्ही लग्नाच्या धावपळीतून येऊ नका. तेराव्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. "हे अन् मनोजभाऊजी पाहाटीच गाडीवर निंगाले. म्हने, मी न गेलो तं कोन जाईन? गाव विचारत जातो."

आम्ही टपरी तशीच टाकली आणि मिळेल त्या गाडीने निघालो. वाटेत गजेंद्रने काकूच्या शेजारच्या घरी फोन लावून पाहिला, कोणी उचलला नाही. तो मला म्हणाला, "आता तोंड दाखवाले जागा नाई राह्यली." मी म्हटलं, "आपली तं कवाच गेली. त्या बुढीच्या तोंडावर कोनी तिची तेरवी मांगन, त्याचं काय?" नांदगावपासून पुढे आम्ही ऑटो केला.

अंगणात बाजेवर भाऊजी आणि त्यांचा भाऊ मनोज बसले होते. भाऊजींच्या मांडीवर नवा दुपट्टा आणि टोपी. समोर उंबऱ्याशी, डोळ्याला पदर लावून, काकू बसली होती.

"आला का रे गज्या," काकू म्हणाली. "पाय बाबू, किती दुरून पावने आले तुह्या मनकर्णाकाकूच्या तेरवीले. मी सांगतलं त्याईले, मी गंगूबाई, तिची लहान जाऊ. आता मीच एकली उरली."

गजेंद्रला अशी कोणी गंगूबाई काकू नव्हती. तो उभ्याउभ्या थरथरत होता. भाऊजींना ते दुःख वाटलं. त्यांनी उठून त्याला मिठी मारली, खांद्यावर दुपट्टा टाकला.

"तेरवीचं तं कायी दिसून नाई राह्यलं," मनोज इकडेतिकडे बघत म्हणाला. "मांडव नाई, लोकं नाई."

काकूने नाक पुसलं आणि सांगितलं, "तिनंच बजावून ठेवलं होतं. म्हने, माह्यामांगं गावजेवन घालसान तं खबरदार. कर्ज काढून पंगती उठवाच्या, अन् लोकं हात धुऊन गेले का भरनारा एकटा. माह्या पोराच्या गयात असं कायी बांधजा नोका."

"खरं बोलून गेली बाई," ते म्हणाले. "मी आकांक्षाच्या लग्नात तेच केलं. आता तीन वर्सं फेडत बसतो. आमच्या घरी असं सांगनारं कोनी नव्हतं." मग त्यांनी विचारलं, "गजेंद्रभाऊले लहानपनी त्याईनंच पोसलं ना?"

"पोसलं थोडंसं," काकू म्हणाली.

तिने चुलीवर वरण टाकलं होतं, वांग्याची भाजी केली होती. आम्हा सगळ्यांना तिने स्वतःच्या तेरवीचं जेवण वाढलं, भाऊजींना आग्रह करकरून. मी मदतीला उठले तर म्हणाली, "बस, तुले सुतक आहे." कुठल्या आवाजात म्हणाली ते मला अजून ठरवता आलेलं नाही. निघताना भाऊजी गजेंद्रला म्हणाले, "अलमारीचं मनावर घेऊ नोका. माणूस गेलं, वस्तूचं काय." काकूच्या हातात त्यांनी पाकीट दिलं, पाया पडले आणि गेले.

गाडीचा आवाज लांब गेला तसा काकूने डोळ्याचा पदर काढला. डोळे कोरडे होते. पाकीट तिने गजेंद्रपुढे धरलं. आत पाचशे एक रुपये होते.

"घे. माह्या मरनाचा आयेर. किस्तीत भर."

गजेंद्र तिच्या पायावर कोसळला. तिने त्याच्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "अलमारीपायी मारलं का रे मले?" ती म्हणाली. रागाने नाही, बाजारात भाव विचारावा तशी. "मारलं तं मारलं. मी फाटकाशी शेंगा निवडत बसली होती म्हनून बरं. शेजारची असती तं पावन्याईनं तुह्या तोंडावर थुकलं असतं. मले एकच सांग बाबू. आता मी खरोखर मरीन, तवा त्याईले काय सांगशीन?"

तिने दोघांना चपलेने बडवलं असतं तर मी आनंदाने मार खाल्ला असता.

त्यानंतर ती अकरा महिने जगली. आम्ही दर महिन्याला तिच्याकडे जायला लागलो, आधी वर्षातून एकदाही जात नव्हतो. आहेर एकशे एकच्या वर गेला नाही. गजेंद्र लग्नात मागच्या खुर्चीवर बसायला शिकला. दोनचार ठिकाणी लोक आमच्याबद्दल बोलले, ते कानावर आलं आणि आम्ही त्याने मेलो नाही. किस्ती वेळेवर जात राहिल्या. फक्त ताईला खरं सांगायचं राहिलं. आठवड्याला तिचा फोन यायचा, आठवड्याला मी उद्यावर ढकलायची.

पौषात एका सकाळी काकूच्या शेजारणीचा फोन आला. काकू रात्री झोपली ती उठलीच नाही. आम्ही स्टँडवर गाडीची वाट बघत उभे होतो. गजेंद्रने अकोल्याचा नंबर काढला.

मी म्हटलं, "गंगूबाई गेली म्हना. भाऊजीले तेच माईत हाय." होय, मी म्हटलं. त्या बाईचं मरण एकदा वापरून झालं होतं आणि आता मी तिला तिच्या नावाने मरूही देत नव्हते.

गजेंद्रने माझ्याकडे पाहिलं, पण या वेळी माझी मान हलायची वाट पाहिली नाही. फोन लागला.

"भाऊ, मनकर्णाकाकू गेली."

पलीकडून भाऊजी काहीतरी गोंधळून बोलले. मला ऐकू आलं नाही.

"नाई भाऊ. तवा नाई गेली. आज गेली. तवा मी खोटं बोललो होतो. अलमारीले पैसे नव्हते अन् सांगाची लाज वाटली."

मग भाऊजींचा आवाज आला, एकदम बारीक. "त्या दिशी आमाले ज्याईनं वाढलं..."

"तेच, भाऊ."

स्टँडवर कंडक्टर ओरडत होता. गजेंद्रच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"माती किती वाजता हाय?" भाऊजींनी विचारलं.

गजेंद्रने फोन माझ्यापुढे धरला. तो मी हातात घेतला आणि अंत्यविधीची वेळ सांगितली.